परक्याची ठेव

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी सहज तोंडी येते की तिच्यातील क्रूरपणा कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हाताऱ्या माणसाने तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारली, कपाळावर चढवलेला चष्मा घरभर शोधला, की कोणीतरी ही म्हण म्हणतो आणि बाकीचे हसतात. आमच्या अक्कलकोटात मराठीच्या जोडीला कानडीही घरोघर चालते. तेथे हेच ‘अरवत्तक्के अरळु मरळु’ अशा शब्दांत सांगितले जाते. दोन भाषांनी साठ हाच आकडा धरावा, ही मौज आहे. पण पुढे तेच म्हातारे माणूस जेवून हात धुतल्यावर ‘मला कोणी वाढलेच नाही’ म्हणून रडू लागते, स्वतःच्या ओसरीवर बसून ‘मला घरी पोचवा’ अशी विनवणी करते, तेव्हा हसणे थांबते आणि कारणांचा शोध सुरू होतो.

कारणांना आमच्याकडे तोटा नाही. स्वामी समर्थांनी १८७८ साली येथे देह ठेवला; तेव्हापासून महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून माणसे आपली दुःखे घेऊन वटवृक्षाच्या देवळाशी येत आहेत. त्या गर्दीत अशीही एक जोडी अधूनमधून दिसते. मुलगा बापाचा हात धरून त्याला रांगेतून पुढे नेत असतो आणि बाप दर चार पावलांनी ‘आपण कोठे आलो?’ असे विचारत असतो. या मुलाला कोणी सांगितलेले असते की, भाऊबंदांनी करणी केली. कोणी म्हणालेले असते की, आजोबांनी कोणाची तरी जमीन बुडवली त्याचे हे फळ. कोणाला तो कुळाला लागलेला शाप वाटतो. प्रत्येक कारणात एक गोष्ट समान असते. कोणीतरी काहीतरी वाईट केलेले असते. निव्वळ दुःख आपल्याला सोसवत नाही. त्याच्यामागे अपराध असला तर ते निदान समजल्यासारखे वाटते.

शिकलेले लोक यातून सुटले आहेत असेही नाही. या विकाराला आपण आज जो शब्द वापरतो तो ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तेथे मनुष्याच्या अधःपाताची एक उतरंड दाखवली आहे. विषयांच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून मोह, मोहातून स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धीचा नाश. तेथील स्मृती म्हणजे विवेकाची आठवण, हे खरे; किल्ली कोठे ठेवली याची आठवण नव्हे. परंतु शब्द उसना घेतला की त्याच्या पाठोपाठ त्याची जुनी सावलीही येते. ज्याची स्मृती ढळली त्याचा पूर्वी कोठेतरी तोल गेला असणार, असा संशय त्या शब्दाला चिकटून राहतो.

मग एखादा मनुष्य आयुष्य वेचून असे दाखवून देतो की, येथे क्रोध नाही, पाप नाही, शाप नाही. आईबापांकडून आलेल्या देहाच्या पोथीत एक अक्षर चुकलेले आहे, एवढेच. अशा वेळी आपण काय मिळवतो आणि काय गमावतो? आणि दुसऱ्याच्या देहातले ते अक्षर ज्याने वाचले, त्याच्यावर कोणते बंधन येते? हा प्रश्न माझ्या मनात आला तो एका परदेशी डॉक्टरची मृत्युवार्ता वाचून. त्यांचे नाव फ्रान्सिस्को लोपेरा. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात १९५१ साली त्यांचा जन्म झाला आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ते वारले. मधली चाळीस वर्षे त्यांनी एका रोगाच्या आणि एका गोतावळ्याच्या मागे घालवली.

कोलंबियातील अँतिओकिया हा डोंगराळ प्रांत. कॉफीचे मळे, गुरे, लहान गावे, प्रत्येक गावात चर्च, आणि घरे दहादहा-बाराबारा मुलांची. या प्रांतातील यारुमाल नावाच्या गावात आणि आसपास पिढ्यान्‌पिढ्या एक विकार दिसे. लोक त्याला ‘ला बोबेरा’ म्हणत, म्हणजे खुळेपणा. पण हा साठीचा खुळेपणा नव्हता. चाळिशी ओलांडली की धट्टाकट्टा शेतकरी विसरू लागे, पन्नाशीच्या सुमारास त्याला बायको ओळखू येईनाशी होई आणि थोड्याच वर्षांत तो अंथरुणाला खिळे. गावातली स्पष्टीकरणे आपल्याला अगदी शेजारची वाटावीत अशी होती. कोणी म्हणे, अमुक झाडाला हात लागल्याने हे होते. कोणी म्हणे, पूर्वी कोणीतरी चर्चमधला पैसा चोरला आणि पाद्र्याने शाप दिला.

१९८४ साली मेदेयिन शहरात मेंदूच्या विकारांचे शिक्षण घेत असलेल्या लोपेरांपुढे एक सत्तेचाळीस वर्षांचा रोगी आला. त्याच्या बापाला हेच झाले होते, आजाला हेच झाले होते, भावांनाही होऊ लागले होते. लोपेरा त्याच्या गावी गेले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चर्चमधली बाप्तिस्म्याची आणि मृत्यूची जुनी दप्तरे चाळून वंशवृक्ष जुळवायला घेतले. आपल्याकडे त्र्यंबकेश्वराच्या उपाध्यांच्या वह्यांत जशी घराण्यांची नावे सापडतात, तशीच ही दप्तरे. त्या काळात त्या मुलखात बंडखोरांचे आणि अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांचे राज्य होते. एखाद्या गावाला जाणे म्हणजे जिवाशी खेळणे होते. तरीही वंशवृक्षाला फांद्या फुटत गेल्या. अखेरीस सुमारे ६,००० जिवंत माणसांचा एक गोतावळा उभा राहिला आणि त्यातील सुमारे १,२०० जणांच्या देहात हा रोग दबा धरून बसला होता.

आता त्या अक्षराविषयी. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले, तेव्हा मला समजले तेवढेच सांगतो. जुन्या काळी पोथ्या हाताने नकलल्या जात. एखाद्या लेखनिकाच्या हातून एक अक्षर बदलले की त्याच्या पोथीवरून होणाऱ्या साऱ्या नकलांत ते बदललेले अक्षर उतरत जाई. आपल्या देहातील जनुके अशाच नकलेने मुलांकडे जातात. चौदाव्या गुणसूत्रावर प्रेसेनिलिन-१ नावाचे एक जनुक आहे. ते अल्झायमरच्या रोगाशी निगडित असल्याचे १९९५ साली कळले आणि त्याच सुमारास अँतिओकियातल्या घराण्यांतील चूकही त्यातच सापडली. त्या जनुकावरून जे प्रथिन तयार होते, त्याच्या साखळीत २८० व्या जागी जी कडी असावी तिच्याऐवजी दुसरीच येते. बस्स, एवढेच. युरोपातून आलेल्या कोणा एका पूर्वजाकडून सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी ही चूक त्या डोंगरांत आली, असा संशोधकांचा हिशेब आहे. ज्याच्याजवळ ती आहे त्याच्या प्रत्येक मुलाला ती मिळण्याचा संभव निम्मा. आणि ज्याला मिळाली त्याला हा रोग जवळजवळ चुकत नाही. सरासरी चव्वेचाळिसाव्या वर्षी विसर सुरू होतो आणि एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत बुद्धी जाते.

या शोधाने पहिले काम केले ते शाप उतरवण्याचे. झाडाला हात लावणाऱ्या मुलाचा दोष नाही, चोर पूर्वजाचा नाही, पाद्र्याचा नाही. कोणाही कुटुंबाला ही केवढी मोकळीक आहे, हे ज्याने असे घर पाहिले आहे त्यालाच कळेल. परंतु प्रामाणिकपणे दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शापाला उतारा असतो, निदान तसे माणूस समजतो. नवस करता येतो, प्रायश्चित्त घेता येते, एखाद्या साधुपुरुषाच्या पायांवर लोळण घेता येते. या अक्षराला उतारा नव्हता. शाप उतरला आणि त्याच्या जागी अंकगणित आले. आणि अंकगणिताला करुणा भाकता येत नाही. ज्ञानाने माणूस मुक्त होतो असे आपण शाळेत शिकवतो. कशापासून मुक्त होतो आणि कशाच्या ताब्यात जातो, हे मात्र प्रत्येक वेळी निराळे पाहावे लागते.

येथे एक विलक्षण प्रसंग निर्माण होतो. रक्ताची तपासणी झाली आहे. प्रयोगशाळेतील एका नोंदीत लिहिलेले आहे की, हा अठ्ठावीस वर्षांचा तरुण, ज्याचे पुढच्या महिन्यात लग्न आहे, तो पंचेचाळिसाव्या वर्षी आपल्या मुलांची नावे विसरू लागेल. नोंद जपणाऱ्याला ते ठाऊक आहे. त्या तरुणाला ठाऊक नाही. शिक्षकाला या अवस्थेची थोडीशी कल्पना असते. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झालेले असतात, निकाल लागायला चार दिवस असतात आणि नापास झालेला मुलगा बाजारात भेटून ‘गुरुजी, नमस्कार’ म्हणतो. आपण त्याच्याशी पावसापाण्याच्या गोष्टी बोलतो. पण ते चार दिवस असतात, आणि नापास झालेल्याला पुन्हा बसता येते. येथे निकाल वीस वर्षे पेटीत राहायचा आहे आणि दुसरी परीक्षा नाही.

दुसऱ्याचे भविष्य जाणण्याचा दावा करणारा एक वर्ग आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. चांगल्या ज्योतिष्याचा एक संकेत असे: मृत्यूची तिथी सांगायची नाही. कोणी फार खोदून विचारले तरी तो ‘प्रकृतीला जपा’ एवढेच म्हणे. त्याच्या शास्त्राबद्दल कोणाचे काही मत असो. त्या संकेतात शहाणपण होते. शिवाय पत्रिकेवर अविश्वास ठेवण्याची मुभा ऐकणाऱ्याला नेहमीच असते. ‘असले काही नसते’ म्हणून तो उठून जाऊ शकतो. प्रयोगशाळेच्या निकालावर तशी मुभा नाही. म्हणून ज्योतिष्याला जेवढा संयम लागे त्याहून कितीतरी अधिक संयम येथे लागतो.

यावर कोणी म्हणेल, यात अवघड ते काय? सत्य आहे, सांगून टाकावे. लपवणे म्हणजे माणसाला अजाण मूल समजणे. या म्हणण्यात बळ आहे. ज्या तरुणाचे लग्न ठरते आहे, ज्याला मुले व्हायची आहेत, त्याला आपल्या देहातील गोष्ट कळू नये आणि परक्याला कळावी, हे न्यायाचे नाही. वैद्याने ठरवायचे की रोग्याला काय झेपेल, ही जुनी रीत आपण सोडत आलो, ते योग्यच झाले. परंतु ‘सांगण्याचा अधिकार’ आणि ‘ऐकण्याची सक्ती’ यांत अंतर आहे. डीएनएच्या रचनेचे कोडे सोडवणाऱ्यांपैकी एक, जेम्स वॉटसन, यांच्या देहातील संपूर्ण जनुकलिपी २००७ साली वाचली गेली आणि जगापुढे मांडली गेली. त्यांनी एकच अट घातली होती. एपोई नावाच्या जनुकाचा भाग मला सांगू नका आणि छापूही नका. उतारवयातील अल्झायमरचा धोका वाढवणारे जनुक ते हेच. या विषयातला एवढा जाणता मनुष्य. त्यालाही एक खोली बंद ठेवावीशी वाटली. पुढे इतर संशोधकांनी दाखवून दिले की, शेजारच्या अक्षरांवरून ते झाकलेले अक्षर ओळखता येऊ शकते, तेव्हा शेजारचा भागही झाकावा लागला.

इंग्लंडमधील कॅरल जेनिंग्ज या बाईंची गोष्ट याच्याही पुढची आहे. त्यांच्या वडिलांना आणि वडिलांच्या भावंडांना हा रोग अकाली झाला. हे निव्वळ योगायोगाचे नाही, अशी शंका घेऊन त्यांनी १९८० च्या दशकात लंडनच्या संशोधकांना पत्र लिहिले. त्या घराण्याच्या रक्तातूनच १९९१ साली ॲलिसन गोट, जॉन हार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एकविसाव्या गुणसूत्रावरची अल्झायमरची पहिली जनुकीय चूक सापडली. ज्या तपासणीचा मार्ग स्वतःच्या पत्राने मोकळा झाला, ती तपासणी जेनिंग्जबाईंनी स्वतः करून घेतली नाही. जगाला कळावे म्हणून त्यांनी सर्व दिले. स्वतःला मात्र कळून घेतले नाही. पुढे रोग आलाच आणि २०२४ साली त्या वारल्या. हे भित्रेपण नव्हे. उद्याचे मरण आज मरायचे नाही, असा तो निश्चय होता.

आणखी एक अडचण अशी की, हे ज्ञान एकट्याचे कधीच नसते. आपली जमीन आपण विकू शकतो, पण सामायिक विहीर विकू शकत नाही. जनुक हे सामायिक विहिरीसारखे आहे. नातवाने हौसेने तपासणी केली आणि चूक सापडली, की मधल्या पिढीतल्या आईचाही निकाल त्याच क्षणी लागतो, मग तिने कानांवर हात ठेवलेले असोत. एकसारख्या जुळ्या भावांपैकी एकाने विचारले तर दुसऱ्याला न विचारता उत्तर मिळते. ‘माझा देह, माझे ज्ञान’ एवढ्या सरळ वाक्यात हा प्रश्न मावत नाही.

मग जाणणाऱ्याने करावे काय? मला वाटते, आपल्या व्यवहारात याला एक जुना आणि नेमका शब्द आहे: ठेव. शेजारी यात्रेला जाताना दागिन्यांचा डबा आपल्याकडे ठेवून जातो. तो डबा आपला नसतो. तो उघडून आपण चारचौघांत दाखवत नाही, गहाण टाकत नाही. तसेच शेजाऱ्याच्या मागे लागून ‘घे बाबा तुझा डबा’ असेही करत नाही. पण तो मागायला आला की त्याच पावली द्यावा लागतो आणि त्या वेळी ‘तुला आज तो पेलणार नाही’ असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नसतो. देताना दिवा धरावा, उंबऱ्यापर्यंत सोबत करावी, एवढे मात्र करता येते. दुसऱ्याच्या देहातले अक्षर वाचणारा हा मालक नव्हे. तो ठेव राखणारा आहे.

अँतिओकियात ही ठेव कशी राखली गेली याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. २०१३ साली तेथे एका नव्या औषधाची चाचणी सुरू झाली. रोग दिसू लागण्यापूर्वीच औषध द्यायचे आणि तो टळतो का हे पाहायचे, अशी कल्पना होती. औषधाचे नाव क्रेनेझुमॅब. भाग घेणारे २५२. आता केवळ जनुकात चूक असलेल्यांनाच बोलावले असते तर बोलावणे येणे हाच निकाल झाला असता. तालुक्याच्या गावी वारंवार सुई टोचून घ्यायला कोण जातो, हे गावात लपत नाही. म्हणून ज्यांच्यात चूक नाही अशांनाही चाचणीत घेतले गेले. त्यांना मिळे ते निव्वळ नकली औषध, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे कोणालाच सांगितले जात नसे. ज्यांना औषधाची गरज नव्हती अशा माणसांनी वर्षानुवर्षे सुया टोचून घेतल्या, त्यामुळे त्यांच्या भावाबहिणींचे गुपित झाकलेले राहिले. त्यांच्यातही कोणाला ठाऊक नव्हते की आपण झाकणारे आहोत की झाकले जाणारे. एका डब्याभोवती सगळे घर उभे राहावे तसे हे झाले.

चाचणी अपेशी ठरली. २०२२ च्या जूनमध्ये निकाल जाहीर झाला. औषधाचा म्हणण्यासारखा गुण आला नव्हता. तेव्हा लोपेरांनी सत्तरी ओलांडली होती. १९८४ च्या त्या पहिल्या रोग्यापासून मोजले तर अडतीस वर्षांचे श्रम, आणि रोगी बरा झाला असे एकही नाव दाखवायला नाही. फळावरून काम जोखणाऱ्याने येथे काय म्हणावे? आपण मुलांना निष्काम कर्माचा धडा शिकवतो खरे, पण गुणपत्रिका पाहूनच पेढे वाटतो. म्हणून हा प्रश्न टाळून चालणार नाही.

माझे उत्तर असे. रोग बरा करणे हे एक काम आहे आणि रोग्याला एकटे न सोडणे हे दुसरे. पहिले आपल्या हाती नसते. दुसरे असते. लोपेरा आणि त्यांचे सहकारी त्या घरांत नमुने घेण्यापुरते गेले नाहीत. तिसरी पिढी अंथरुणाला खिळली तेव्हाही ते येतजात होते, आईला कसे उचलावे, रागावलेल्या बापाला कसे सांभाळावे, हे मुलांना समजावत होते. म्हणूनच ती माणसे मृत्यूनंतर आपल्या आप्तांचा मेंदू विश्वासाने त्यांच्या स्वाधीन करत. कोणत्याही धार्मिक समाजात ही गोष्ट सोपी नसते. ठेव दोन्ही बाजूंनी होती. डॉक्टरांकडे त्यांचे भविष्य होते आणि त्यांनी डॉक्टरांकडे आपला भूतकाळ ठेवला.

त्या ठेवीतूनच एक अनपेक्षित किरण दिसला. या गोतावळ्यातील एका बाईच्या देहात ती प्रेसेनिलिनची चूक होती, तरी सत्तरी उलटेपर्यंत तिची बुद्धी शाबूत राहिली. इतरांना चव्वेचाळिसाव्या वर्षी जे झाले ते तिला जवळजवळ तीस वर्षे उशिरा झाले. २०१९ साली लोपेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले की, तिला आईबाप दोघांकडूनही एपोई जनुकाचा एक अतिशय विरळा प्रकार मिळाला होता आणि त्यानेच बहुधा तिला राखले होते. एका अक्षराने केलेला घात दुसऱ्या अक्षराने इतकी वर्षे थोपवला. तिने मरणोत्तर आपला मेंदूही दिला. २०२४ साली असे दिसून आले की, हा प्रकार एकाच बाजूने मिळालेल्या माणसांतही रोग सुमारे पाच वर्षे लांबतो. निसर्गाने स्वतः शोधलेला हा उपाय औषधाच्या रूपात आणता येईल का, याचा शोध आता चालू आहे. येईल किंवा न येईल. पण घरोघर विश्वास नसता तर ती बाई कोणाच्या दृष्टीस पडली नसती.

हे सर्व दूरदेशीचे म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्याकडे हरियाणातील बल्लभगढ तालुक्यात १९९० च्या दशकात भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी म्हाताऱ्यांच्या स्मृतीची पाहणी केली. पहिली अडचण प्रश्नपत्रिकेची आली. परदेशी प्रश्नावलीत ‘हे वाचा आणि तसे करा’, ‘एक वाक्य लिहा’ असे प्रश्न. समोर आयुष्यात पाटी न धरलेली माणसे. निरक्षराला बुद्धिभ्रष्ट ठरवण्याची ती तयारीच होती. तेव्हा प्रश्न बदलले गेले. ‘वाचून डोळे मिटा’ याऐवजी ‘माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा’. ‘वाक्य लिहा’ याऐवजी ‘आपल्या घराविषयी काही सांगा’. मला शिक्षक म्हणून ही गोष्ट शोधाइतकीच मोठी वाटते. दुसऱ्याला जाणून घ्यायचे तर आधी त्याच्या भाषेत विचारावे लागते; नाहीतर आपण त्याला न जाणता केवळ त्याचे अडाणीपण मोजतो. त्या पाहणीत रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी आढळले, आणि धोका वाढवणारा एपोईचा प्रकारही तेथे कमी आढळला.

पण कमी म्हणजे नाहीच असे नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे साठीपुढच्या भारतीयांत शेकडा ७.४ जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंशाचा विकार आहे. यांपैकी बहुतेकांचा रोग अँतिओकियातल्यासारखा नाही. एका चुकीने निश्चित होणारा प्रकार जगभर मिळून शेकडा एकाहूनही कमी. बाकीच्यांत वय, जनुके, रक्तदाब, मधुमेह, शिक्षण अशा अनेक गोष्टींचा हात असतो. एपोईचा घातक प्रकार जवळ असलेली कित्येक माणसे शेवटपर्यंत शहाणी राहतात आणि तो नसलेली कित्येक विसरतात. शक्यता आणि निकाल यांतला हा भेद डॉक्टरांना कळतो. सोयरीक जमवायला बसलेल्या मंडळींना तो कळेल का, ही माझी खरी धास्ती आहे.

कारण आमच्याकडे वंशावळ चर्चमध्ये नव्हे, लग्नाच्या बैठकीत तपासली जाते. माझ्या माहितीतल्या एका घरी मुलीची बोलणी अगदी मानपानापर्यंत आली होती. मग मुलाकडच्या कोणाच्या तरी कानावर आले की, मुलीची आजी ऐंशीव्या वर्षी भ्रमिष्टासारखी करत असे. चार दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका जुळत नाही, हे आमच्याकडचे सभ्य उत्तर आहे. त्याच्या आड काय काय दडलेले असते ते सर्वांना कळते आणि कोणी बोलत नाही. मुलीच्या आईने त्यानंतर सासूला पाहुण्यांसमोर आणणे बंद केले. माडीवरच्या खोलीत तिचे ताट जाऊ लागले. ऐंशीव्या वर्षीच्या त्या विसरभोळेपणावरून नातीचे काहीच ठरत नव्हते. साठीपुढच्या दर तेरा-चौदा माणसांत एकाला हा विकार असेल, तर अशी घरे वगळून लग्ने तरी कोणाची व्हायची?

आज थुंकीचा नमुना टपालाने पाठवला की असल्या जनुकांचा अहवाल घरपोच मिळतो. अमेरिकेत उतारवयातील अल्झायमरच्या धोक्याचा असा अहवाल विकण्याची परवानगी २०१७ साली दिली गेली. उद्या पत्रिकेशेजारी तो कागद ठेवला जाईल. गुण किती जुळले याबरोबर अक्षर कोणते निघाले हेही विचारले जाईल. तेव्हा ज्या शोधाने अँतिओकियातला शाप उतरवला, तोच शोध येथे नवा शाप होऊन बसेल, आणि यावेळी त्याला शास्त्राचा शिक्का असेल. शोध तोच, राखणदार बदलला की त्याचे असे रूपांतर होते.

म्हणून प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना जो धर्म लागू आहे तो आपल्यालाही लागू आहे, असे मला वाटते. एखाद्या घरात म्हातारीचा तोल गेला आहे, हे शेजारी म्हणून आपल्याला कळते. ती त्या घराची ठेव आपल्याकडे आलेली असते. ती बैठकीत उघडायची नाही. त्या मुलीने उद्या स्वतः विचारले की, मला हे होईल का, तर तिला खरे काय ते, शक्यता आणि निकाल यांतला भेद समजावून, सांगणारे कोणीतरी जवळपास असले पाहिजे. आणि तिने कधीच विचारले नाही तर तिच्या न विचारण्याचाही मान राखला पाहिजे. माडीवरच्या खोलीतली ती म्हातारी मात्र खाली आली पाहिजे. ती कोणाला ओळखत नसेल. पंगतीत तिचे पान मांडायला तिने आपल्याला ओळखण्याची गरज नाही. आपण तिला ओळखतो, एवढे पुरे आहे.